सलीमभाईंच्या पाटीवर माझा नंबर

तीस वर्षांच्या पत्रकारितेत मी दुसऱ्यांच्या चुका पहिल्या पानावर छापल्या. स्वतःची एकही छापली नाही. जागा नव्हती, असं आपण समजू. पण एक चूक अशी आहे की तुमच्यासारखी चार माणसं समोर बसली की पोटात राहत नाही. कप खाली ठेवा आणि ऐका.

आमच्या धुळ्यात, माझ्याच गल्लीत, सलीमभाई राहतात. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणं हे त्यांचं काम. तांब्याची तार अशी गुंडाळतात की मोटार नवी असतानाही तशी चालली नसेल. पारोळा रोडवर भर चौकात त्यांचं दुकान होतं. रस्ता रुंद झाला, दुकान गेलं, आणि सलीमभाई एका बोळात आले. तिथं आपणहून फक्त गायी येतात.

गव्हाला पाणी द्यायचे दिवस. म्हणजे मोटारी जळायचे दिवस. हा हंगाम गेला तर सलीमभाई दुकान बंद करून सुरतेला कारखान्यात जाणार होते. पंचावन्नाव्या वर्षी, दुसऱ्याच्या हाताखाली.

त्यांची मुलगी रुबीना बी. कॉम. झालेली. ती म्हणाली, "आता लोक चौकात शोधत नाहीत, काका, मोबाईलवर शोधतात. दुकान नकाशावर टाकते. फक्त नंबर नीट निवडायला हवा. दुकानासाठी मी नवं सिमकार्ड आणलंय."

"नवा नंबर?" मी म्हणालो. "नवा नंबर म्हणजे अनोळखी माणूस. कोण उचलणार?"

"काका, फोन लोकांनी आपल्याला करायचाय."

तुम्हीच सांगा, इथंच मी गप्प बसायला नको होतं का? पण गप्प बसणारा माणूस तीस वर्षं बातमीदारी करत नाही. माझ्या सदराखाली रोज छापून यायचा तो नंबर मी निवृत्तीनंतरही जिवंत ठेवला होता. शेवटी एकच आकडा चारदा. एरंडोलपासून दोंडाईचापर्यंत लोकांना पाठ. ते सिम मी काढलं आणि सलीमभाईंच्या हातावर ठेवलं.

रुबीना म्हणाली, "काका, हा नंबर नेटवर आधीच तुमच्या नावावर आहे. दुकानाचा नंबर दुकानाचाच असावा. पाटीवर, बिलावर, नकाशावर, सगळीकडे तोच. नाहीतर शोधणाऱ्याचा घोळ होतो."

"पोरी, हा नंबर बघून कलेक्टर खुर्चीत सरळ बसायचे."

"पण कलेक्टरांची मोटार जळत नाही ना, काका."

सलीमभाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम. पाटीवर माझा नंबर चढला, नकाशावरही चढला.

आठवड्यानं विचारलं, "फोन येतात का?"

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत, भाऊसाहेब. जेवायला सवड नाही."

मी रुबीनाकडे बघितलं. कसं बघितलं असेल, ते तुम्ही मला ओळखता.

तिसऱ्या आठवड्यात दुकानात गेलो तर बाकावर एकही मोटार नाही. सलीमभाई वहीत काहीतरी लिहून घेत होते. मी वही ओढली. 'गटार तुंबली.' 'पेन्शन अडली.' 'सरपंच भेटत नाही.' 'दाखल्याला चार महिने.'

"हे काय आहे?"

"तुमच्याकडे येणारी माणसं, भाऊसाहेब. दुखणं सांगतात, मधेच कसं तोडायचं? मी लिहून घेतो. दोंडाईचाकडच्या एका गावाचा पाण्याचा पंप बंद होता. तेवढं माझ्या हातातलं होतं. जाऊन करून आलो."

"आणि शेतकरी?"

"त्यांना फोन एंगेज लागतो. मी नंतर उलट फोन करतो, पण कुणी उचलतच नाही."

कुणी उचलत नाही! इथं माझं रक्त तापलं. हंगामात जळालेली मोटार घेऊन बसलेला शेतकरी फोन उचलणार नाही? शक्यच नाही. म्हणजे फोन लागत नसणार. म्हणजे मोबाईल कंपनीचा घोळ. एका कारागिराच्या पोटावर पाय. मी रुबीनाला आणि दुकानाचा मोबाईल घेऊन थेट कंपनीच्या काउंटरवर गेलो आणि हजर असलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना उद्देशून वीस मिनिटं बोललो. लेखी खुलासा मागितला.

काउंटरवरच्या मुलीनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "सर, त्या नंबरवरून मला एक फोन लावा."

रुबीनानं लावला. त्या मुलीचा मोबाईल पहिल्याच झटक्याला वाजला. तिनं पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

पडद्यावर नाव आलं होतं: 'पत्रकार डोकं खातो उचलू नये'.

"हे नाव आम्ही देत नाही, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "एक ॲप असतं. लोकांनी आपापल्या मोबाईलमध्ये जसं लिहून ठेवलेलं असतं, तसं ते दाखवतं. बऱ्याच जणांनी लिहिलं असेल तर."

मागं रांगेतला एक माणूस खोकला. तो खोकला नव्हता.

म्हणजे तीन आठवडे सलीमभाई शेतकऱ्यांना अदबीनं उलट फोन करत होते, आणि प्रत्येक शेतात माझी कीर्ती वाजत होती.

दुकानात येऊन मी सलीमभाईंना म्हणालो, "पोरीचं ऐका. माझं चुकलं." हे वाक्य मी याआधी कधी वापरलेलं नव्हतं, त्यामुळे ते दोनदा म्हणावं लागलं.

पाटी पुसली. नवं सिम घातलं. तोच एक नंबर सगळीकडे. बाकावर आधी एक मोटार आली, मग दुसरी. पंधरवड्यात बाक अपुरा पडला आणि मोटारी पायरीवर बसल्या. सुरतेचा विषय सलीमभाईंनी पुन्हा काढला नाही.

माझं सिम माझ्याकडे परत आलं. परवा त्यावर फोन वाजला. मी घसा साफ केला.

"सलीमभाई शेतस का?" पलीकडून कुणीतरी अहिराणीत विचारलं.

"नाही. मी पत्रकार बोलतोय. काय तक्रार आहे, सांगा."

"तक्रार नही शे, भाऊ. काम शे. आमना गावना पानीना पंप परत बिघडी गया. सलीमभाईना नंबर द्या."

गाव विचारलं. दोंडाईचाकडचंच. मी म्हणालो, "असं करू, एक खरमरीत बातमी लावतो."

पलीकडून समजुतीच्या सुरात उत्तर आलं, "नको, भाऊ. तीन डाव बातमी छापी तुम्ही. पानी सलीमभाईनी आनं."

मी नंबर सांगितला. दोनदा, सावकाश, एकेक आकडा सुटा करून.