अमरत्वाचा लिलाव

साहित्य माणसाला अमर करतं, असं अध्यक्ष म्हणाले आणि वाचनालयाच्या गळक्या छपरासाठी अमरत्वाचा लिलाव सुरू झाला. जो सर्वांत मोठी बोली लावेल त्याने सांगितलेलं नाव गावच्या कादंबरीकाराच्या नव्या कादंबरीतल्या एका पात्राला मिळणार होतं.

शेवटी दोघंच उरली. एक बिल्डर, त्याला स्वतःचं नाव हवं होतं. आणि आमच्या शेजारच्या सुमतीकाकू, त्यांना गेलेल्या काकांचं. दर बोलीला काकूंची पर्सवरची मूठ घट्ट होत होती. आता पुढची बोली त्यांना झेपणार नाही, हे मला बाजूच्या खुर्चीवरून दिसत होतं.

"काकू, नाव तरी सांगा कुणाचं ते," बिल्डर म्हणाला.

अख्ख्या संसारात काकूंनी नवऱ्याचं नाव घेतलं ते उखाण्यापुरतं; एरवी 'अहो' आणि 'हे'. मला वाटतं, ज्या नावाने घरात कुणी हाकच मारत नाही, ते नाव माणसामागे फार दिवस टिकत नाही.

"दत्तात्रय रामचंद्र पोतनीस," काकू म्हणाल्या. उखाणा नाही, काही नाही.

बिल्डरने वर केलेला हात खाली घेतला.

अवघडला तो कादंबरीकार. "काकू, बिननावाचं एकच पात्र उरलंय. ते पहिल्याच पानावर विहिरीत बुडून मरतं."

काकूंनी पर्स उघडली.

"चालेल," त्या म्हणाल्या. "ह्यांना पोहता येत नव्हतंच."