चार मागितले, पंजा मिळाला

आमच्या अमरावतीच्या कापूसबाजारात एक म्हण आहे. कोणी शब्द देऊन फिरवला की लोक म्हणतात, "हा तर मास्तरचा पंजा निघाला." बाहेरगावच्या माणसाला ती कळत नाही, आणि गावातल्या तरुणांना ती कुठून आली हे ठाऊक नाही. परवा माहेरपणाला आलेल्या माझ्या लेकीने ती माझ्यावरच वापरली. तिला रिद्धपूरला देवदर्शनाला घेऊन जाईन असं मी कबूल केलं होतं आणि मग गुडघ्यांचं निमित्त पुढे केलं. ती म्हणाली, "बाबा, तुमचं बोलनं म्हन्जे मास्तरचा पंजा." घरातले सगळे हसले. मीही हसलो, पण हसता हसता सुपारीचं खांड घशात गेलं आणि बराच वेळ खोकत बसलो. ही म्हण माझ्यामुळे जन्मली आणि ती साफ खोटी आहे. हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो.

तेव्हा मी दलाल होतो. तिकडे अमेरिकेत भाऊभाऊ आपसात लढत होते, त्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि त्यामुळे अमरावतीत माझे जोडे करकर वाजू लागले. जोडे वाजावेत म्हणून चांभाराकडून तळव्यात चामड्याची चकती मुद्दाम घालून घेतली होती. कापसाचा भाव मी चढवला नव्हता, लढाईही मी लावली नव्हती. पण चालताना वाटायचं असंच, की दोन्ही माझीच करणी आहे.

आमच्या धंद्यात दर तोंडाने बोलत नाहीत. देणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटं दाबून दर सांगतात. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, सगळा पंजा धरला की पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. एकाने बोटांनी दर दिला आणि दुसऱ्याने 'पक्कं' म्हटलं की सौदा झाला; रुमालाखाली ठरलं ते ठरलं. त्याला कागद नाही, साक्षीदार नाही, आणि म्हणूनच ते मोडणाऱ्याला बाजारात उभं राहायला जागा नाही. माझी बोटं या कामात फार तयार आहेत असं लोक म्हणायचे. लोकांच्या आधी मी म्हणायचो.

त्या वर्षी सरकारी शाळेत मुलांना बसायला तरटाच्या पट्ट्या हव्या होत्या. पूर्वी तरट कोणी फुकटही घेत नसे, पण आता गावातलं सगळं तरट कापसाच्या गठ्ठ्यांवर चढत होतं आणि पोरं उघड्या जमिनीवर बसून लिहीत होती. शाळेच्या हेडमास्तरांनी चावडीवर जाहीरनामा लावला. ज्याला पट्ट्या पुरवायच्या असतील त्याने मालाचा नमुना द्यावा, आपला दर कागदावर लिहावा, लखोट्यात घालावा, लाख लावून बंद करावा आणि अमुक दिवसापर्यंत शाळेत आणून द्यावा. लखोटे सर्वांसमक्ष उघडले जातील.

माझ्याकडे तरट होतं. त्याहून जास्त म्हणजे हौस होती. 'सरकारला माल पुरवणारे' असं कोणी आपल्याला म्हणावं, यासाठी मी तोटाही सोसला असता. जाहीरनामा मी चावडीच्या कारकुनाकडून वाचून घेतला आणि माझ्या हुशार डोक्याने त्याचा अर्थ लावला. लखोटा कशासाठी? दर दुसऱ्याला दिसू नये म्हणून. मग रुमाल कशासाठी असतो? तो तरी दुसरं काय करतो? लाख आणा, ती वितळवा, बोटं भाजून घ्या, ही सगळी देशावरच्या लोकांची खटपट. शेवटची 'सर्वांसमक्ष' ही ओळ मला शोभेची वाटली.

हेडमास्तर देशावरचे ब्राह्मण होते. किडकिडीत, स्वच्छ पागोट्याचे, गावात एकटे राहणारे. शुक्रवारी ते बाजारात वांगी घेत होते, तेवढ्यात मी त्यांना गाठलं.

"राम राम मास्तर. पट्ट्यांचं बोलाचं होतं."

"बोला ना. पण लखोटा शाळेत द्या हं."

"तो आनलाच आहे," मी म्हणालो आणि खांद्यावरचा रुमाल त्यांच्या हातावर टाकला. रुमालाखाली त्यांची चार बोटं धरली आणि दाबली. चार, हा माझा दर.

मास्तर दचकले. त्यांच्या एका हातात वांगी होती, दुसरा माझ्या रुमालात. त्यांनी घाबरून माझा सगळा पंजा घट्ट धरला.

पंजा म्हणजे पाच. मी चार मागितले होते आणि घेणारा स्वतःहून पाच देत होता. धंद्याच्या सगळ्या आयुष्यात मागितल्यापेक्षा जास्त देणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. वलगावच्या बाजारातल्या भाजीवालीलाही इथे शंका आली असती. मला आली नाही. मला वाटलं, सरकार उदार आहे.

"पक्कं," मी म्हणालो.

"बरं, बरं," मास्तर म्हणाले, हात सोडवून घेतला आणि वांग्यांचे पैसे न देताच भराभर निघून गेले. भाजीवाली मागून ओरडली, "अवो मास्तर, वांगे शाळंले दान नाई देल्ले!" आजूबाजूचे हसले, मास्तर परत आले, पैसे दिले. ते सगळं पाहणारी माणसं बरीच होती, आणि मास्तरांचा हात माझ्या रुमालात होता हेही त्या सगळ्यांनी पाहिलं.

मी तरट कापून, कडा शिवून पट्ट्या केल्या आणि लखोटे उघडायच्या दिवशी गाडी भरून शाळेसमोर उभी केली. आत मास्तर एकेक लखोटा फोडून दर मोठ्याने वाचत होते. वलगावच्या एका माळ्याने शिंदीच्या चटयांचा दर दिला होता. चटयांचा नमुना सुरेख होता आणि दर सर्वांत कमी. मास्तरांनी ते काम त्याला दिलं.

मी पुढे झालो. "अन् माहं काय?"

"तुमचा लखोटा कुठे आहे?"

"रुमालात देल्ला ना, बाजारात!"

मास्तरांनी हातातला लखोटा खाली ठेवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "अहो, ते तुम्ही भाव सांगत होतात? मला वाटलं, तुम्हाला घेरी आली, म्हणून मी तुमचा हात घट्ट धरला."

सगळी शाळा हसली. पोरं तर लोळायची तेवढी बाकी होती. मास्तर स्वतः हसले नाहीत, पण त्याचा काही उपयोग नव्हता. त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. चार, पाच, घाबरलेला हात, वांगी, सगळं. चूक माझी, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. हे आज स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे मी असं दाखवलं की मला ते कधीच कळलं नाही.

गाडी घेऊन बाजारात परतलो. पट्ट्या तशाच भरलेल्या. माझ्याबरोबरीचा एक दलाल, तोंडाचा फटकळ, तिथेच बसला होता.

"काहून बे, माल वापस? सरकारनं जावयाले हाकलून देल्लं का?"

आता खरं सांगायचं म्हणजे असं सांगावं लागलं असतं: मी बोटांची भाषा न येणाऱ्या माणसाशी बोटांनी सौदा केला, चार मागितले, पाच मिळाले, तरी मला संशय आला नाही. ज्याची बोटं तयार म्हणून धंदा चालतो, त्याने हे सांगायचं? दुसऱ्या दिवसापासून माझ्या रुमालात कोणी हात घातला नसता.

"मास्तर पलटला," मी म्हणालो.

"रुमालात हात देल्ला होता त्यानं?"

"देल्ला होता. पुरा पंजा."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. हात दिला होता, पुरा पंजा दिला होता. मी किती मागितले होते हे त्याने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सगळं पाप त्या न सांगितलेल्या 'चार'मध्ये आहे.

बाजाराने बाकीचं काम केलं. रुमालातला शब्द मोडणारा माणूस आमच्याकडे चोरापेक्षा वाईट. वाणी मास्तरांना डाळ द्यायला 'संपली' म्हणू लागला. पाणी घालणारा पखालवाला त्यांच्या दारावरून पुढे जाऊ लागला. व्यापाऱ्यांनी आपापली पोरं शाळेतून काढली. जो रुमालातला शब्द पाळत नाही तो पोरांना काय शिकवणार! नव्या चटयांवर बसायला पोरंच उरली नाहीत. मास्तर भेटेल त्याला सांगत, "मला ती भाषाच येत नाही हो." त्यावर लोक म्हणत, "शिकलेला मानूस, अन् बोटं मोजता येत नाई?"

शाळा रिकामी का पडली याची चौकशी अकोल्याला शाळाखात्याच्या साहेबापर्यंत गेली आणि मला बोलावणं आलं. मी दमणी जुंपून गेलो. खरं सांगून टाकायचं असं वाटेत ठरवत गेलो. बैल थांबले की निश्चय ढिला व्हायचा, चालले की पुन्हा घट्ट व्हायचा.

साहेब टेबलामागे बसला होता, मास्तर भिंतीशी उभे होते. चेहरा उतरलेला, पागोटं मात्र तसंच स्वच्छ.

"कपडे के नीचे क्या हुआ? दिखाओ," साहेब म्हणाला.

मी पुढे झालो, साहेबाच्या हातावर रुमाल टाकला आणि चार बोटं दाबली. साहेब दचकला आणि त्याने माझा सगळा पंजा घट्ट धरला.

अगदी तसाच. देवाने यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणाला दिला नसेल. ज्याला भाषा येत नाही तो घाबरतो आणि पंजा धरतो. ब्राह्मण असो की गोरा. मास्तरांनीही ते पाहिलं. त्यांचे डोळे माझ्यावर खिळले. 'साहेब, तुमीबी आत्ता मले पाच देल्ले,' एवढं हसत म्हटलं असतं तर तिघेही हसलो असतो आणि मास्तर आठवड्याच्या आत शाळेत परत गेले असते.

बाहेरच्या ओसरीवर, चौकशी ऐकायला अमरावतीहून आलेले माझ्याच बाजारातले चारदोन जण कान देऊन बसले होते.

"मास्टरने ऐसाही किया?" साहेबाने विचारलं.

"ऐसाच, साहेब."

"और इसका मतलब?"

"रुमाल में हाथ दबाके दर दिया, तो हमारे बाजार में उसको कबूल बोलते."

पुन्हा एकदा सगळं खरं. मी आयुष्यात जितका खरा बोललो नाही तितका त्या दिवशी बोललो. मास्तरांची हेडमास्तरकी गेली. त्यांना रिद्धपूरकडच्या एका खेड्यात पोरांना मुळाक्षरं शिकवायला पाठवलं. आणि मी घरी येऊन त्या पट्ट्या कापसाच्या गठ्ठ्यांवर घातल्या.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, माझ्या जोड्यांचा आवाजही बंद झाला. बरीच वर्षं गेल्यावर एका कामासाठी त्या खेड्यावरून जात होतो. शाळेच्या ओट्यावर मास्तर बसलेले दिसले. दमणी थांबवायची नाही असं मी ठरवलं होतं, पण गाडीवानाला पाणी प्यायचं होतं. गुन्हेगाराला तोंड लपवायला निदान बिन तहानेचा गाडीवान हवा.

मास्तरांनी मला ओळखलं. उठले, पाणी दिलं, शेजारी बसवलं. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी माझ्या हातावर टाकलं. खाली त्यांनी माझी चार बोटं धरली आणि अगदी सफाईने दाबली.

"चार. बरोबर ना?" ते म्हणाले. "इथल्या शेतकऱ्यांनी शिकवलं. शिकलो तेव्हा कळलं, तुम्ही चार मागितले होते. मी पाच दिले. शेठ, असं कुठलं गिऱ्हाईक करतं हो? एवढं एक बाजारात बोलला असतात, तर सगळे समजले असते."

गाडीवानाचं पाणी पिऊन झालं होतं, पण मी उठलो नाही.

"मला आता परत जायचं नाही. इथली पोरं बरी आहेत," ते म्हणाले. "पण माझ्या नावाने म्हण झाली आहे म्हणतात. ती तेवढी पुसा. सांगाल बाजारात?"

उपरण्याखाली मी त्यांचा हात धरला. पुरा पंजा. "सांगतो," म्हणालो.

तो शब्द रुमालातला होता. आणि तो मी पाळला नाही. पुढच्या शुक्रवारी बाजारात मंदी होती. त्याच्या पुढच्या शुक्रवारी माणसं फार होती. मग मोसम संपला, मग मुलीचं लग्न आलं, मग मास्तर गेल्याचं कळलं आणि मला वाटलं, आता कोणासाठी सांगायचं? म्हणजे रुमालातला शब्द मोडणारा एकच माणूस या सगळ्या गोष्टीत आहे, आणि त्याची बोटं फार तयार होती.

लेकीने टोमणा मारला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काठी टेकत बाजारात गेलो. तो फटकळ दलाल अजून आहे. दात गेले, तोंड शिल्लक आहे. चारचौघं जमली होती. मी सांगितलं, "मास्तरचा पंजा कसा झाला आयका. मी चार मागतले होते. त्यानं पाच देल्ले."

सगळे दलालच. समजावून सांगावं लागलं नाही. आधी एक हसला, मग सगळे. घेणाऱ्याने भाव चढवला! आणि हा म्हणाला, पक्कं! फटकळ म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अबे गधड्या," तो मांडीवर हात आपटत म्हणाला, "तुले तवाच नाई समजलं?"

"समजलं होतं. शाळेतच."

त्याचं हसू थांबलं. काठीच्या टोकाने त्याने जमिनीवरची थोडी सरकी बाजूला केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंग आमी त्याचं पानी काहून बंद केलं बे?"

 जे त्या दिवशी बाजारात नव्हते, त्यांच्यासाठी हे लिहिलं. लेकीला कालच सांगितलं, परवा दमणी जुंपायला सांगतो, रिद्धपूरला जाऊ. वाटेत एका शाळेच्या ओट्यावर थोडं थांबायचं आहे. ती माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हणाली, "हात द्या मंग." मी दिला. रुमाल घेतला नाही.