पवार सरांनी चोरलेलं नेट

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, कारण नंतर तुम्ही मला शिव्याच देणार. शेजाऱ्याला चोर ठरवायला किती अक्कल लागती? अजिबात लागत न्हाई! माझ्याकडं बघा.

लातुरात गोलाईजवळ माझं प्लास्टिकच्या टाक्या-ड्रमचं दुकान हाय. ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून माझा नळावरचा भरवसा उडाला तो उडालाच. धरण काठोकाठ भरू द्या, माझा कायदा एकच: आठ दिवसांनी नळ आला की घरातला चमचासुद्धा भरून ठिवायचा. बोळीत ड्रमची रांग, ड्रमवर घागरी, घागरीवर कळश्या. पाहुणा आला तर त्याला आडवं होऊन आत जावं लागतं.

अशा घरात माझा पोरगा संदीप बायकोपोरीसकट पुण्याहून राहायला आला. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती. नात आली, घर कसं भरून गेलं! अन् त्याच्यासाठी घेतलेल्या नेटचे नखरे सुरू झाले. चार दिवस पळायचं, मग एकदम मान टाकायचं. राउटर पुढच्या खोलीत खाली कोपऱ्यात, संदीप मागच्या खोलीत, मधी माझी बोळ. एकदा तो पुढं येऊन बसला, तर क्यामेऱ्यात ड्रम बघून साहेबानं विचारलं, "तुम्ही गोदामात बसलाय का?"

शेवटी साहेबानं बजावलं. शुक्रवारी बड्या गिऱ्हाइकाला काम दाखवायचं. नेट गेलं, तर सोमवारी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. म्हणजे नात चालली की हो!

"बाबा, ते ड्रम जरा हलवून बघू का?"

"पाण्याला हात लावायचा न्हाई!" मी असा खेकसलो की पोरगं माघारी खोलीत गेलं.

नेटवाल्या कंपनीला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई लई गोड आवाजात सांगत राहिली. अगं मग उचल की! तक्रार घेऊन त्यांचा माणूस यायचा चार-पाच दिवसांनी, तवर नेट आपोआप सुधारलेलं. "काका, स्पीड तर एक नंबर हाय," म्हणायचा अन् चहा पिऊन जायचा.

मग मी स्वतःचं डोकं चालवलं. तिथंच घात झाला.

शेजारी पवार सर राहतात, शाळेत मास्तर. नळाच्या दिवशी रजा टाकून ते गच्चीवर टाकी भरत बसतात, हातात मोबाइल. माझ्या ध्यानात आलं, नेट जातं ते बरोबर नळाच्या दिवशी! म्हणजे सर घरी असले की! अजून काय पुरावा पाहिजे? मी गुपचूप पासवर्ड बदलला, घरातल्यांच्या मोबाइल-लॅपटॉपात मीच टाकून दिला. इंग्रजी अक्षरांत, सगळं सलग: पवारचोर. चोरायला आले तर टाकताना जरा लाज तरी वाटंल! तरीबी पुढच्या नळाला नेट गेलंच. म्हणजे माणूस नुसता चोर न्हाई, पट्टीचा चोर!

अन् शुक्रवारी नेमका नळ आला. मी सगळं गळ्यापर्यंत भरलं. दहा वाजता आतून संदीपचा आवाज, "बाबा, गेलं!"

मी तसाच पवारांच्या दारात. "सर, बंद करा! माझ्या पोराच्या पोटावर पाय देऊन राहिलात तुम्ही!"

सर बादली घेऊन बाहेर आले. "काय बंद करू शेठ? मोटार?"

"नेट!"

"माझं नेट कशाला बंद करू? कसं पळतंय बघा." त्यांनी मोबाइल दाखवला. त्यांचं नेट त्यांचं स्वतःचं, वेगळ्या कंपनीचं! "पोराचं काम अडलंय का? अहो, मग घिऊन या की त्याला इकडं!"

संदीप लॅपटॉप घेऊन पळाला. सरांनी त्याला पंख्याखाली बसवलं अन् घरातला टीव्ही बंद केला. मी मान खाली घालून दुकान गाठलं. बारा वाजता घरी आलो, तर बोळीत ड्रम रिकामे! घट बसायच्या आधीचं धुणं आमच्या हिनं काढलं होतं. सगळ्या गोधड्या, चादरी, पडदे दोरीवर. अन् मागच्या खोलीत नातीचं कार्टून न थांबता पळून राहिलेलं!

"पाणी संपलं की नेट येतं," ही शेवटची गोधडी पिळत म्हणाली. "ड्रम भरले की पाणी आडवं येतं अन् नेट जातं. मला कधीचं म्हाईत हाय."

"मग सांगितलं का न्हाई?"

"पाण्याचा प ऐकून घेता का तुम्ही?"

दुपारी संदीप नाचतच आला. गिऱ्हाईक खूश, साहेब खूश, पुण्याला जायचं रद्द! मी नातीला खांद्यावर घेतलं. डोळ्यांत पाणी आलं, तेवढं मात्र साठवलं न्हाई.

संध्याकाळी पवार सर दारात. "शेठ, गल्लीतल्या खोदकामात आमची वायर तुटली. शाळेची माहिती आजच्या आज पाठवायचीय. तुमचा पासवर्ड सांगा बरं."

"मोबाइल द्या इकडं, मी टाकतो."

"तुम्हाला चष्म्याशिवाय दिसतंय का? तुम्ही बोला, मी टाकतो."

"अव, सांगा की!" ही आतून कडाडली. "पोरगं त्यांच्या घरी बसलं, अन् तुम्ही पासवर्डला मागंपुढं बघून राहिलात?"

"पी... ए... डब्ल्यू... ए... आर," मी म्हणालो.

सरांनी मान वर केली. डोळे डबडबलेले. "शेठ! माझं नाव? तुमच्या पासवर्डला तुम्ही माझं नाव ठिवलं? अहो, सख्खा भाऊ ठिवत न्हाई हो!"

सगळं घर कौतुकानं माझ्याकडं बघू लागलं. सरांनी रुमालानं डोळे पुसले, नाक पुसलं, अन् बोट परत मोबाइलवर धरलं.

"हं शेठ, पुढं?"

देवा शप्पथ सांगतो, उभ्या जन्मात नळाची एवढी वाट मी कधी बघितली नव्हती.