ओल्या खुंट्या

मी हुशार आहे, हे दौंडपासून शिरूरपर्यंत सगळ्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. दौंडच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करता करता मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत चिकटलो आणि साठ सालाच्या आसपास जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह वापरून जमिनीतली ओल शोधणारं यंत्र जुळवलं. दोन लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकायच्या आणि त्यांच्यामधून वीज सोडायची. माती ओली असली की सुई उठे, कोरडी असली की पडून राही. एवढंच ते यंत्र, पण माझी मान ताठ व्हायला पुरेसं होतं.

शिरूरजवळ आमची ख्रिस्ती वस्ती होती. पाणी बागायतदाराच्या विहिरीचं. पोहरा आम्ही सोडायचा नाही. घागर खाली ठेवून कुणी वरून ओतेपर्यंत उभं राहायचं. आम्ही बायबल वाचत होतो, पण विहिरीला त्याचं काय!

मिशनच्या बंगल्यावर माळीकाम केलेले एक आबा वस्तीत होते. जमिनीखालून जुन्या काळचा खापरी नळ जातो, भाजक्या मातीच्या नळ्यांचा, असं ते छातीठोकपणे सांगत. "तरना व्हतो तवा त्येच्या हौदात उतरून गाळ काढलाय म्या. आता बुजलाय. चिंचेखाली हाय." तो नळ सापडला असता तर वस्तीला स्वतःचं पाणी मिळणार होतं. तालुक्याच्या साहेबांनी खणायला माणसं कबूल केली, पण एकाच जागी, आणि ती जागा यंत्र दाखवेल ती.

संध्याकाळी मी खुंट्यांच्या जोड्या ठोकल्या. काही घरांच्या मध्ये, काही चिंचेखाली. सकाळी मोजलं. चिंचेखाली सुई थोडी हलली. घरांच्या मध्ये मात्र ताडकन उठली.

"हितं न्हाई रं नळ," आबा म्हणाले.

"आबा, तुमचं ऐकायचं की यंत्राचं?" मी साहेबांसमोर हसत विचारलं. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

घरांच्या मध्येच दोन पुरुष खोल खणलं. कोरडा मुरूम निघाला. साहेब जीपमध्ये बसून निघून गेले.

खुंट्या उपटायला गेलो तेव्हा घरांमधल्या खुंट्यांना हळद लागलेली दिसली. आबांची सून जवळच उभी होती. "आमीच लावली, भाऊ. लग्नात मांडवाची मेढ रोवल्यावर हळद लावून पानी घालत्यात ना, तसं येकेक तांब्या पानी घातलं. तुमचं काम फत्ते व्हावं म्हनून. चिंचंकडं जायाला येळच न्हाई मिळाला." ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, तरी ही रीत बायकांच्या हातातून गेली नव्हती. तासभर ताटकळून आणलेलं पाणी त्यांनी माझ्या खुंट्यांना घातलं होतं, आणि ठोकल्या ठोकल्या मोजायचं सोडून मी रात्रभर झोपलो होतो.

दोन दिवसांनी कुणाला न सांगता पुन्हा मोजलं. घरांमधली माती वाळली होती, तिथं सुई निपचित पडली. चिंचेखाली ती पहिल्याइतकीच हलली.

साहेबांकडे जाऊन चूक कबूल करायची, एवढंच उरलं होतं. पण पुण्याला माझ्या बढतीचा कागद फिरत होता. मी बॅटरी काढली आणि 'नळ आढळला नाही' असा अहवाल लिहिला.

निघताना आबांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि जमलेल्या माणसांना म्हणाले, "पोराला कुनी बोल लावू नगा. यंत्र खोटं बोलंल व्हय? माजंच डोकं म्हातारं झालंय. हौद दुसरीकडंच कुठंतरी आसंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.