देवीसाठी राखलेली वेणी

वेढ्याच्या त्या वर्षी जो रोड्स शहराच्या तटाआड होता, त्याला दमोक्रिता ठाऊक आहे. बुरुजाखालच्या छपरात बसून बायकांच्या केसांचे दोर वळायची ती विधवा. धोंडे फेकणाऱ्या यंत्राचा सगळा जीव त्या दोराच्या पिळात असतो. वेढा घालणाऱ्या मॅसिडोनियन राजाने बंदर अडवलं, दोरासाठी जनावरांच्या स्नायूंचे तंतू मिळेनात, तेव्हा गावातल्या बायकांनी डोकी भादरली. दमोक्रितानेही. तिच्या धाकट्या लेकीची, मिर्तिसची, वेणी तेवढी कमरेपर्यंत रुळत होती.

मिर्तिसचं लग्न ठरलं होतं, आणि आमच्यात मुलगी लग्नाआधी आर्टेमिस देवीला केस वाहते. नवरा मुलगा थ्रासोन, बंदराकडच्या यंत्रावर. नेमका त्याच यंत्राचा दोर विरला आणि नव्याला केस पुरेनात.

मिर्तिस आपणहून कात्री घेऊन आली. दमोक्रिताने ती हिसकावली. देवीचं बुडवलं तर ती बाळंतपणात वसूल करते, हे तिच्या मनाने घेतलं होतं. थोरली लेक पहिल्याच खेपेला गेलेली. अशा बाईला भित्री म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

"आई, अगं देवी थांबेल. त्याला कुठे थांबता येतंय?"

"गप्प बस. माझं मी बघते."

तिने काय बघितलं? जुन्या दोरातले ताणून मेलेले केस सोडवले, मधे भरले, वरून नव्यांचा पदर दिला आणि भरपूर तेल चोपडलं. मुकादमालाही कळलं नाही. दोर न्यायला थ्रासोन स्वतः आला. "सासूबाई, तुमच्या हातचा म्हणजे बघायलाच नको," असं हसत म्हणाला आणि खरंच न बघता घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शत्रूची जहाजं बंदरात घुसली. यंत्र पुरतं ताणलं आणि दोर मधूनच तुटला. यंत्राचा सुटलेला दांडा थ्रासोनच्या छातीत बसला.

त्याचं प्रेत घरी आणलं, तेव्हा दमोक्रिता ऊर बडवत होती. मिर्तिस रडली नाही. तुटका दोरही कुणीतरी बरोबर आणला होता. तिने तो उकलला. आईच्या हाताखाली वाढलेली पोर, मधले जुने, निर्जीव केस तिला लगेच ओळखू आले. ती अंगणात येऊन बसली आणि तिने वेणी सोडली. आमच्यात मेलेल्या माणसालाही केस वाहतात.

"काप, आई," ती म्हणाली. "आता तरी दे त्याला."

दमोक्रिताने कात्री उचलली आणि सगळे केस कापून दिले.