इचलकरंजीची रिकामी सम

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात रिकामे डबे साठतात तसे ते साठत जातात. टाकायला काढावेत, तर ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून पुन्हा फळीवर जातात. चंडीगडच्या आमच्या रविवार मंडळाचे किस्से माझ्याकडे इतके झालेत की परवा नवऱ्याने हात जोडले. म्हणाला, "एकदाचे कुणाला तरी सांगून टाक. पाहुणे चहा पिऊन निघायला बघतात आणि तू सुरू होतेस." तर तुम्ही आता सापडलाच आहात.

मंडळ कसलं, आम्ही चार-पाच घरं. मी विद्यापीठात केमिस्ट्री शिकवायचे, मूळची नागपूरची. नाना हुपरीकर इथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, कोल्हापूरकडचे. मेजर दिघे चंडीमंदिरला पोस्टिंगवर आलेले पक्के पुणेकर. आणि नानांच्या वरच्या मजल्यावर राहणारे सोढीजी, वीज खात्यातून निवृत्त झालेले. दर रविवारी नानांच्या घरी जमायचं आणि रेकॉर्ड ऐकायच्या, एवढंच काम.

पंजाबातले ते दहशतवादाचे वाईट दिवस होते. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडायचे. म्हणून आम्ही अकराला जमायचो आणि चारला आपापल्या घरी. पहिली दहा मिनिटं गाण्याची नसायचीच. कुणाच्या भावाची बस सुखरूप पोचली का, कोण अजून आलं नाही, हेच बोलणं. नलूवहिनी, म्हणजे नानांच्या पत्नी, डोकी मोजायच्या आणि मगच चहाचं आधण ठेवायच्या. भीती वाटायची, खोटं कशाला सांगू? पण घरी एकटं बसून ती जास्त वाटायची.

मंडळाचा नियम एकच, आणि तो नानांनी केलेला. आधी आठवण, मग रेकॉर्ड. ज्या गवयाची रेकॉर्ड लावायची त्याला तुम्ही समोर बसून ऐकलेलं पाहिजे. कुठे ऐकलं, काय गायले, ते सांगायचं आणि मगच सुई ठेवायची. ज्याच्याकडे आठवण नाही त्याने चहाचे कप भरावेत आणि दुसऱ्याची रेकॉर्ड ऐकावी.

* * *

सोढीजींनी पहिले तीन महिने कप भरले. चौथ्या महिन्यात बगलेत एक रेकॉर्ड घेऊन खाली उतरले आणि म्हणाले, "आज मेरी बारी।"

जालंधरला डिसेंबरात मोठं संगीत संमेलन भरतं. लहानपणी वडील त्यांना तिथे घेऊन गेले होते. थंडी अशी की माणसं रजया घेऊन बसलेली. सोढीजी रजईत शिरले ते थेट झोपलेच. गवई दीड तास गात होता. शेवटच्या दोन मिनिटांत त्याने अशी काही तान टाकली की सोढीजी दचकून उठून बसले. पुढे पगार सुरू झाल्यावर त्याच गवयाची रेकॉर्ड घेतली.

नानांना आठवण पसंत पडली. त्यांनी रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली आणि सुई सुरुवातीला नेली. सोढीजींनी त्यांचा हात धरला, सुई उचलली, अलगद अगदी शेवटी नेऊन ठेवली आणि दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं. रेकॉर्ड संपली.

"आणि आधीचं?" मेजरांनी विचारलं.

"नियम तो नियम है मेजरसाब," सोढीजी म्हणाले. "मैंने इतना ही सुना था।"

पुढे सहा वर्षं त्यांनी ती रेकॉर्ड तेवढीच ऐकली. आधीचा भाग आमच्यापैकी कुणीही कधी ऐकलेला नाही.

* * *

मोहालीत माझ्या एका सहकाऱ्याकडे जुन्या मैफिलीची टेप होती. ती उतरवून घ्यायला नाना आणि मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या स्कूटरवरून गेलो. येताना नाक्यावर अडवलं. त्या दिवसांत ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब ठेवत, बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका अशा पाट्या सगळीकडे होत्या, त्यामुळे पिशवीतून टेपरेकॉर्डर निघाल्यावर हवालदार दहा पावलं मागे गेला.

"चला के दिखाओ," तो लांबूनच म्हणाला.

नानांनी बटण दाबलं. तानपुरा सुरू झाला. त्या घुमणाऱ्या आवाजाने हवालदार आणखी पाच पावलं मागे गेला. मी ओरडून सांगितलं की हा तानपुरा आहे, याच्यापुढे गाणं येतं.

"तो गाना सुनाओ।"

आता नानांनी टेप पुढे पळवायला काय हरकत होती? पण नाहीच. "अभी आलाप है," ते ताठ मानेने म्हणाले. "बीच में से नहीं सुनते।" मागे ट्रक, बसगाड्या, ट्रॅक्टर यांची रांग लागली आणि आम्ही सगळे आलाप ऐकत उभे राहिलो. बारा मिनिटांनी बंदिश आली. हवालदाराने हात जोडून आम्हाला सोडलं.

पुढच्या वेळी त्याच नाक्यावर दुसरा शिपाई आमच्या पिशवीला हात घालणार, तोच हा हवालदार धावत आला. "ओए छड दे," तो म्हणाला, "शुरू हो गए तो शाम हो जाएगी।"

* * *

वेळेवरून आठवलं. दुपारचा राग दुपारी, रात्रीचा रात्री, यात नाना तसूभर हलायचे नाहीत. आमची वेळ अकरा ते चार. त्यामुळे सारंग, भीमपलास, फार तर मुलतानी. असं दीड वर्ष चाललं. शेवटी वहिनी वैतागून म्हणाल्या, "आमच्या घरात रात्र व्हायची कायमची बंद झाली की काय?"

यावर मेजर दिघ्यांनी लष्करी उपाय काढला. लढाईत ब्लॅकआउटला लावतात तसा काळा कागद सगळ्या खिडक्यांना लावायचा, दिवे लावायचे, भिंतीवरचं घड्याळ साडेनवावर नेऊन ठेवायचं. मग रात्रीचा मालकंस ऐकायला कुणाची ना आहे? नानांनी दोन दिवस विचार करून परवानगी दिली.

आता बघा, तो काळ कसला, आणि भर दुपारी एका घराच्या सगळ्या खिडक्या आतून काळ्या झाल्या! समोरच्या शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवलं यात त्यांची काही चूक नाही. दार उघडलं तर इन्स्पेक्टर आणि चार बंदूकधारी. आत दिव्यांच्या उजेडात आठ माणसं भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली.

नानांनी सगळं खरं खरं सांगितलं. इन्स्पेक्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग टोपी काढून बसला आणि चक्क एक बाजू पूर्ण ऐकली. जाताना म्हणाला, "अगली बार कागज़ लगाने से पहले थाने में राग लिखवा देना।"

तो थट्टेने म्हणाला होता. नाना पुढच्या शनिवारी खरंच अर्ज घेऊन गेले. त्यावर शिक्का मारून आणला, तो त्यांच्या कपाटात पुष्कळ वर्षं होता.

* * *

आता नानांच्या इचलकरंजीबद्दल सांगते.

नानांची सगळ्यांत लाडकी रेकॉर्ड एका बाईंची होती. नाव नाही सांगत, बाईंचे शिष्य अजून गातात. रेकॉर्डवर भीमपलास होता, आणि त्याआधी नानांची आठवण ठरलेली. कॉलेजात असताना इचलकरंजीला त्यांनी बाईंना ऐकलं. बंदिश रंगात आली, मुखडा घेऊन बाई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणार, ऐकणाऱ्यांचे हात दाद द्यायला वर गेले. "आणि बाई आल्याच न्हाईत की हो समेवर!" नाना सांगायचे. "पंचमावर थांबल्या. सम रिकामी गेली. तबलजीनं मान वर करून बघितलं. सगळ्यांचं हात तसंच हवेत. मग खालच्या निषादावरनं अशा काही उचलून आल्या म्हणता, की पुढच्या समेला माणसं रडली."

आठवण झकास होती. अडचण एवढीच की रेकॉर्डवर त्या जागेचा पत्ता नव्हता. बाई दर वेळी शहाण्यासारख्या समेवर यायच्या. आम्ही विचारलं की नाना म्हणायचे, "रेकॉर्डवर जागा कमी असतीया." शिवाय आठवण दर वर्षी थोडी वाढायची. माझी नऊ वर्षांची मुलगी, जिला मराठी कळायचं पण बोलायची हिंदीत, एकदा म्हणालीसुद्धा, "नाना, पिछली बार तो सिर्फ़ तबलेवाला रोया था।"

मेजरांनी तर उघडच सांगितलं. "हुपरीकर, असं कोणी गात नाही. तुम्ही हे रचलंय." नाना फार दुखावले. म्हणाले, "नियम माझा हाय. आठवण खोटी ठरली त्या दिवशी ही रेकॉर्ड लावायचा हक्क माझा गेला." आणि ते तसं करणारे होते, हे आम्हाला ठाऊक होतं.

मग त्या बाईच चंडीगडला आल्या. विद्यापीठात त्यांचं गाणं ठरलं होतं आणि मी समितीत होते. बाई आदल्या दिवशी उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी बंद जाहीर झाला. गाणं रद्द, बाजार बंद, आणि गेस्ट हाऊसचा स्वयंपाकीही येऊ शकला नाही. बाई सकाळपासून बिस्किटांवर. मी मेजरांना फोन केला, ते पास असलेली जीप घेऊन आले आणि आम्ही बाईंना सरळ नानांच्या घरी जेवायला नेलं.

नाना दारातच उभे राहिले. वहिनींनी भाकरी, पिठलं, ठेचा असं वाढलं. बाई मनापासून जेवल्या. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मेजरांना राहवेना.

"बाई, आमचे हुपरीकर तुमची इचलकरंजीची एक आठवण सांगतात," ते म्हणाले आणि सगळी हकिकत सांगून मोकळे झाले. मी टेबलाखालून त्यांना पाय मारला, तो सोढीजींना लागला.

बाईंनी घास खाली ठेवला. "इचलकरंजीला मी एकदाच गेले," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घसा बसला होता. दोन चिजा कशाबशा म्हटल्या आणि उठले. भीमपलास मी गायलेच नाही."

वहिनी भाकरी वाढायच्या थांबल्या. नाना ताटाकडे बघत राहिले. मला मेजरांचा इतका राग आला होता की सांगता येत नाही.

"पण सम सोडली म्हणालात," बाई नानांकडे वळल्या. "कशी सोडली?"

"चुकलं माझं," नाना पुटपुटले.

"चुकलं ते असू द्या. म्हणून दाखवा."

नानांचा आवाज म्हणजे, त्यांच्यावर माझा जीव होता तरी सांगते, ऐकवत नसे. पण बाईंपुढे नाही कसं म्हणणार? सोढीजींनी टेबलावर ताल धरला. नाना गायले. पंचमावर थांबले, सम जाऊ दिली, खालून उचलून आले. बाईंचा हात ताटावर तसाच.

"पुन्हा."

नाना पुन्हा गायले. बाईंनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग उष्ट्या बोटांनी मात्रा मोजत त्यांनी गंभीरपणे विचारलं, "पंचमावर नेमकी किती थांबले होते मी?"

नानांनी सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि आणखी अर्धी भाकरी मागितली.

बाई गेल्या. पुढच्या रविवारी नानांनी भीमपलासची रेकॉर्ड कपाटातून काढली, मेजरांच्या हातात दिली आणि स्वतः कप भरायला लागले. मेजरांनी माफी मागितली, आम्ही समजावलं, वहिनी रागावल्या, पण नाना ऐकेनात. बाकी सगळं ऐकायचे, हसायचे, पण आठवण म्हणून एक अक्षर सांगायचे नाहीत. दीड वर्ष त्या माणसाने आम्हाला चहा पाजला.

मग मेजर सुट्टीवर पुण्याला गेले आणि येताना बाईंची नवी रेकॉर्ड घेऊन आले. भीमपलासच. त्यांनी ती वाटेत ऐकलेली नव्हती, दुकानातून उचलून आणली होती. नानांशिवाय समोर बसून बाईंचं गाणं ऐकलेलं मंडळात कुणी नव्हतं, तरी त्या दिवशी नियमाची आठवण कुणी काढली नाही. मेजरांनी सुई ठेवली.

बंदिश रंगात आली. बाईंनी मुखडा उचलला. आमचे हात सवयीने वर गेले. आणि बाई पंचमावर थांबल्या.

सम रिकामी गेली. सोढीजींचा हात हवेत, मेजरांचा हात हवेत, माझाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मग खालच्या निषादावरून बाई अशा उचलून आल्या की पुढच्या समेला मेजर दिघ्यांनी खिशातून रुमाल काढला.

रेकॉर्ड संपली. मग सगळे नानांकडे बघायला लागलो. नानांनी हातातली किटली खाली ठेवली, चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"चांगलं गायल्यात," ते म्हणाले. "पण इचलकरंजीला ह्याच्यापेक्षा जास्त थांबल्या होत्या."