मानपत्रातली हाताने लिहिलेली ओळ

नव्वदच्या दशकातल्या एका डिसेंबरात, रविवारी सकाळी, विश्रामबागेतल्या एका सभागृहात रक्तदाबावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांचा निवृत्तीनिमित्त सत्कार झाला. दहाचा कार्यक्रम पावणेअकराला सुरू झाला. उशीर मानपत्रामुळे झाला, आणि ते मी लिहिलं होतं.

डॉक्टरांनी वडूजच्या आसपासच्या गावांत वर्षानुवर्षं लोकांचा रक्तदाब मोजला होता. सत्कार समितीनं दिलेल्या माहितीवरून मी तेवढं लिहिलं. ते छापून, काचेची फ्रेम करून आलं. साडेनऊला डॉक्टरांनी व्यासपीठामागे उभ्यानंच वाचलं.

"यात माझी चूक कुठाय?"

"मानपत्रात चूक कोण छापतं, सर?" समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"मग मी हे घेत नाही."

चूक त्यांनी स्वतःच सांगितली. सुरुवातीची दोन वर्षं त्या गावांतल्या निवृत्त फौजींचा रक्तदाब इतरांपेक्षा जास्त भरत होता. डॉक्टर कारण शोधत होते: मीठ, तंबाखू, फौजेतला ताण. एकदा एका सुभेदारांचा दंड रक्तदाब मोजायच्या पट्ट्यात असताना त्यांच्या पत्नी दारातून म्हणाल्या, "आवं डाक्टर, आदी ह्यास्नी श्वास तर घिऊ द्या की! सायेब तपासणीला आल्यागत बसल्यात."

डॉक्टर 'नीट बसा' म्हणायचे. फौजी सावधान बसायचे, मूठ आवळून, श्वास रोखून.

दोन वर्षांची मापं रद्द झाली. त्यानंतर आधी पाच मिनिटं पिकापाण्याच्या गप्पा, मग पट्टा, असा नियम झाला.

"त्या बाई आज आल्यात. चौथ्या रांगेत," डॉक्टर म्हणाले. "त्यांचं श्रेय मी घेऊन घरी जाणार नाही."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. सभागृहाच्या वायरमननं पक्कड आणून फ्रेमचे खिळे काढले. छापील मजकुराखाली बोटभर जागा होती. तिथं मी शाईपेनानं लिहिलं: 'फौजींची मापं चुकत होती. ती चूक सुभेदारांच्या पत्नीनं दाखवली.' शाई वाळेपर्यंत अध्यक्ष कागदावर रुमालानं वारा घालत होते.

ती ओळ वाचली गेली तेव्हा टाळ्या पडल्या. बाई जागच्या हलल्या नाहीत. सुभेदार मात्र उठून ताठ उभे राहिले.

"आवं, बसा खाली," त्या म्हणाल्या. "अन् श्वास घ्या."

सभागृह हसलं. डॉक्टर व्यासपीठावरून उतरून चौथ्या रांगेपाशी गेले. त्यांना आधी मिळालेली शाल त्यांनी बाईंच्या हातात दिली. मग परत येऊन मानपत्र घेतलं. तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.